टबाभोवतीचे नानासाहेब

आमच्या येडगावात टब असलेलं न्हाणीघर एकच, ते आमचं. (श्रीमंती नाही हो. आमचे मालक प्लंबर. धरणाकाठच्या बंगलेवाल्यानं जुना टब काढला, तो यांनी टेम्पोत घालून आणला.) टबाबरोबर तिन्ही भिंतींना लावायचे प्लास्टिकचे पत्रेही आले. पुढं त्यांच्या सांध्यांत काळी बुरशी धरली आणि माझ्या जिवाला घोर लागला. आमचा राजरत्न आठ महिन्यांचा. त्याला एक शिंक आली तरी मी डॉक्टरकडं पळते.

त्यात सासूबाईंनी ओतूरहून निरोप धाडला, "रविवारी येते. न्हाणी तशीच बुरसट असली, तर नातवाला घिऊन जाईन."

"अहो, पत्रे बदला ना," मी यांना म्हटलं.

"उद्या." (गावाचे नळ आज, आमचं काम उद्या.)

शनिवारी मीच तारेची घासणी घेतली. काळं काही जाईना. मागून घासावं म्हणून पत्र्याचा कोपरा ओढला, तर अख्खा पत्रा अंगावर! पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. मागं ओली भिंत उघडी.

तेवढ्यात अंगणात बाजरीच्या पोत्यांवर टाकलेला फ्लेक्स दिसला. नानासाहेबांच्या साठीचा. नानासाहेब म्हणजे सासूबाईंचे थोरले दीर. त्यांच्यापुढं आम्ही दोघीही डोक्यावर पदर घेतल्याशिवाय उभ्या राहत नाही. मी फ्लेक्सची चेहऱ्याची बाजू भिंतीकडं केली, पांढरी टबाकडं, आणि दिले खिळे ठोकून. बाळाला वारा नको म्हणून खिडकीही झाकली. अगदी संगमरवर! (स्वतःची पाठ थोपटायला हात पुरला असता, तर थोपटली असती.)

रविवारी सकाळीच सासूबाई आल्या, सोबत नानासाहेब. सासूबाईंनी न्हाणी बघितली, "बरी हाय" म्हणाल्या आणि बाळाला टबात घातलं. तेवढ्यात खिडकीवर ऊन आलं.

"अगं बया! भाऊजी!"

मी धावले. फ्लेक्समधून नानासाहेब उगवले होते! अक्षरं उलटी, पण मिशा दोन्हीकडून सारख्याच.

"काय झालं गं?" अंगणातून खऱ्या नानासाहेबांनी विचारलं. सासूबाईंना वाटलं, फ्लेक्सच बोलला.

"काय न्हाई, भाऊजी," त्या भिंतीला म्हणाल्या, आणि बाळाचा ओला टॉवेलच डोक्यावर घेतला.

नानासाहेब दारात आले. मी मनातल्या मनात बाळाची पिशवी भरायला घेतली. बाळ मात्र मिशांकडं बघून खिदळत होतं.

"ह्यो माझा फ्लेक्स?" नानासाहेबांचा आवाज भरून आला. "पाच छापले व्हते. चार गोठ्यांवर गेले. तू एकटीनं घरात लावलास, पोरी. पर उलटा का लावला?"

त्यांनी यांना बोलावून तो तिथल्या तिथं सुलटा करून घेतला. (त्या कामाला 'उद्या' नव्हता.)

निघताना सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे पोराला हितंच. लई हसून न्हातंय."

आता राजरत्न रोज नानासाहेबांसमोर डुंबतो. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत गॉगल लावलेले आमचे हेही आहेत. नवे पत्रे कधी विचारलं, की "उद्या".

सासूबाई बाळाला न्यायला आल्या होत्या. बाळ राहिलं, न्हाणीतून बाहेर गेले ती मीच. मागच्या दारी, दोन साड्यांच्या आडोशाला, एका बादलीत आंघोळ उरकते.