धक्क्याला बांधलेल्या बोटीचा वेग

कोणत्याही समाजाची प्रगती मोजायची, तर मोजण्याचं साधन आधी त्या समाजाच्या बाजूचं असावं लागतं. हे तत्त्व अमेरिकेत मिनेसोटातल्या हॉकन लेक वॉटर-स्की मंडळाने फार पूर्वीच अंगी बाणवलं होतं. मंडळाची बोट १९८६ची. तिच्या वेगकाट्याचं वैशिष्ट्य असं, की बोट धक्क्याला दोन दोरांनी बांधलेली असो, इंजीन बंद असो, आत बदकाखेरीज कुणी नसो, ती ताशी सहा मैलांनी जातच असते. (ही सोय आसपासच्या कुठल्याही तळ्यावर नाही.)

याबद्दल सभासदांची काडीचीही तक्रार नव्हती. उलट साठीच्या घरातले लोक बोटीमागे दोर धरून, ताशी चौतीस मैलांवर, पाण्यात तरंगणाऱ्या सहाही बोयांना वळसे घालून हसत परत यायचे. मंडळ याचं श्रेय तळ्याच्या पाण्याला आणि पूर्वजांकडून आलेल्या नॉर्वेजियन हाडांना देत असे.

घोळ घातला तो खुद्द अध्यक्षांनी. आर्डेन स्कोगलंड, वय एकसष्ट. हंगामाच्या पहिल्या शनिवारी चौतिसावर पूर्ण फेरी मारायचा त्याचा नेम तरुणपणापासून कधी चुकला नव्हता. यंदा ते डोळ्यांनी बघायला विभागाचे पंच वेंडेल रुकाविना येणार होते. त्यांचं समाधान झालं, तर मंडळाच्या शेडच्या भिंतीवर आर्डेनच्या नावाची पितळी पाटी लागणार होती. पाटीसाठी आर्डेनने खिळा आधीच ठोकून ठेवला होता, आणि येता-जाता तो खिळ्याकडे बघायचा.

आता पंचांच्या देखत बांधलेली बोट सहाने धावली, तर शोभा होणार. म्हणून शुक्रवारी सकाळी दोष-शोध समिती स्थापन झाली. अध्यक्ष आर्डेन, खजिनदार त्याची बायको लव्हॉन, तंत्रज्ञ म्हणून लव्हॉनचा धाकटा भाऊ डेलमर, जो बोट चालवतो. बाकीचे सभासद कॉफी घेऊन निरीक्षक म्हणून हजर राहिले.

प्रथम काचेवर टिचकी मारण्यात आली. (ही या यंत्राची जगमान्य तपासणी आहे.) काटा थरथरला आणि सहावर स्थिरावला.

"ठणठणीत आहे, दाजी," डेलमर म्हणाला. "उगाच कशाला उकरून काढताय?"

मग मागचं भोक. बोटीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं. बोट पळाली की त्यात पाणी घुसतं, त्याचा दाब नळीतून पुढे येतो आणि काटा चढतो. भोकात कचरा अडकला की सगळं बिघडतं. डेलमर पाण्यात उतरला, बराच वेळ आत राहिला, आणि बाहेर येऊन म्हणाला की पाणी गार आहे. आर्डेन स्वतः उतरला. भोक स्वच्छ होतं.

मग नळी. आर्डेनने ती काट्यापासून उपटली आणि तोंड लावून फुंकली. मागे बुडबुडे आले, म्हणजे नळीही निर्दोष. पण नळी हातात असताना, पाण्याशी काडीचा संबंध उरला नसताना, काटा सहावरच!

इथे निरीक्षकांनी आपापली मतं नोंदवली. एकाच्या मते हवेत दमटपणा फार. दुसऱ्याच्या मते तळं मुळातच दक्षिणेकडे सरकतंय. तिसऱ्याने पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा काढला, आणि त्या हिशेबाने सहा मैल फारच थोडे आहेत, असंही दाखवून दिलं. अखेर 'काटा सदोष नसून आशावादी आहे' असा ठराव मंजूर झाला. (अध्यक्ष तटस्थ.)

"चल रे आर्डेन, जेवणाचं हॉटडिश ओव्हनमधून काढलंय, गार होतंय," लव्हॉन म्हणाली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

पण आर्डेन चिवट. त्याने काट्याची डबी चालकासमोरच्या फळीतून ओढून बाहेर काढली. मागचा प्रत्येक नट गंजून लाल झाला होता. फक्त काटा जुळवायचा एक बारीक स्क्रू चांदीच्या दागिन्यासारखा लखलखत होता. आर्डेनने मान वर केली. सगळे निरीक्षक एकाएकी तळ्याचं सौंदर्य न्याहाळू लागले होते.

"कोण?" त्याने विचारलं.

"मी नुसता हात चालवला हो, दाजी," डेलमर म्हणाला. "हुकूम वरून आला." आणि त्याने बहिणीकडे बघितलं.

लव्हॉनने कॉफीचा कप खाली ठेवला. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाला, आता वेग कमी करा. तू काय केलंस? डॉक्टर बदललास! मग मी काटा बदलला. दर वर्षी एकेक मैल."

"आणि हे बाकीचे सगळे?"

"त्यांनी कधी कुरकुर केली का?"

आर्डेनला फार लागलं. म्हणजे ज्याला तो चौतीस समजत होता, ते अठ्ठावीस होतं. आणि अख्ख्या तळ्याला ते ठाऊक होतं, बहुधा बदकालाही. त्याने पेचकस घेतला, काटा शून्यावर आणला आणि म्हणाला, "उद्या खऱ्या चौतिसावर जाणार." लव्हॉन कप उचलून हॉटडिश बघायला निघून गेली. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

शनिवारी रुकाविना आले. गळ्यात फेरीचा खरा वेग पडताळायचं स्टॉपवॉच, वय चौसष्ट, चाल जराशी लंगडी. त्यांनी बोयांकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच आर्डेनला बाजूला घेतलं.

"तुमच्याआधी मी एक फेरी मारू का? चौतिसावर. अकरा वर्षांत पुरी झालेली नाही. म्हटलं, इथे कुणी ओळखीचं नाही."

ते कपडे बदलायला गेले. आर्डेनने त्यांच्या गुडघ्यावरचा लांब व्रण बघितला. तसला व्रण त्यालाही होता. डबी अजून फळीबाहेरच लोंबत होती. तो बोटीत वाकला. डेलमरने पेचकस न मागता पुढे केला. आणि लव्हॉन धक्क्यावरून दबक्या आवाजात म्हणाली, "सहाच कर हं, आर्डेन. जास्त नको, त्यांना संशय येईल."

रुकाविनांनी सहाही बोया घेतल्या. शेवटच्या वळशानंतर पाण्यातून त्यांनी अशी आरोळी ठोकली की समोरच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. धक्क्यावर चढले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. पाणी गेलं, म्हणाले. मग त्यांनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं, टॉवेलात नीट गुंडाळलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवलं.

"आता तुम्ही," ते आर्डेनला म्हणाले. "घड्याळ कशाला लावायचं? काटा आहे की."

पाटी आता खिळ्यावर आहे. तिच्यावर आर्डेनचं नाव, चौतीस मैल, आणि खाली बारीक अक्षरांत 'मंडळाच्या काट्यानुसार'. काटा पुढच्या हंगामापासून सातवर उभा राहील, असं ठरलं आहे. तशी सूचना आर्डेननेच मांडली.

हे वाचून तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. आता जरा आठवून बघा: तुमच्या घरातला वजनकाटा गेली पाच वर्षं एकाच आकड्यावर थांबलाय ना? त्याच्या मागे एक छोटा स्क्रू असतो. तो नंतर बघा. आधी घरच्यांचे चेहरे बघा.