कमळचे तीन स्पॅनिश दागिने

अख्ख्या उरणात स्पॅनिश बोलणारा एकच माणूस होता आणि तो म्हणजे मी, काळूराम! आगबोटीवर खलाशी असताना मी ही भाषा शिकलो. आता खरं सांगायचं तर आमच्या बोटीवरचा स्पॅनिश स्वयंपाकी कुणालाच नावाने हाक मारत नसे. ज्याच्या तोंडावर जे दिसेल त्याच नावाने ओरडायचा. त्यामुळे तीळ, चामखीळ, वण, मुरूम एवढं सोडलं तर माझी स्पॅनिश थोडी कच्ची होती. पण हे गावाला कशाला सांगा?

एकतीस साली धाकट्या भावासाठी, दयारामसाठी, मुलगी बघायची ठरली. हा इतका लाजाळू की मिठागरावर बायका दिसल्या तरी फावडं टाकून पळायचा. मुलीकडे मान वर करून बघणार कोण? मी म्हटलं, "तू खाली बघ. मी तिचं तोंड बघतो आनि स्पॅनिशमधे सांगतो. त्यांच्या बापाला कलायचं न्हाय!"

आणि तीन शब्द त्याच्याकडून घोकून घेतले.

मुलीचं नाव कमळ. ती पंचमंडळींसमोर गूळपाणी घेऊन आली. दयारामने मान खाली घातली. मी ऐटीत सुरू झालो, "लुनार!" म्हणजे हनुवटीवर तीळ. "वेरुगा!" कानाजवळ चामखीळ. "सिकात्रिस!" कपाळावर वण.

एवढ्या घोषणा ऐकून दयारामला राहवेना. त्याने मान वर केली, कमळकडे पाहिलं आणि मान परत खाली घालायची विसरूनच गेला!

तेवढ्यात कोपऱ्यातून आवडाबाई बोलल्या. या आमच्याकडच्या धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणार त्याच आणि लग्न लावणारही त्याच. "काय रं काळूराम, ही कसली नावं घेतलीस?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं! "दा... दागिने हायत, आवडाय! बोटीवरच्या मडमा घालतात. आम्ही कमळला घालनार!"

"सोन्याचे?" कमळची आई सगुणाबाई पुढे सरकली.

"मग काय पितळंचे?"

झालं! आमच्यात पंचांसमोर बोललेला दागिना मांडवात आणावाच लागतो. सुपारी फुटली. मी सोनाराकडे गेलो. त्याने विचारलं, "वेरुगा दिसते कशी? घालतात कुठं?" मी म्हटलं, "बारीक, फुगीर. ती घालत न्हाईत, ती उगवते." सोनाराने मला दुकानाबाहेर काढलं.

मी मनाशी म्हटलं, लग्नाच्या गडबडीत कोण विचारतंय? पण मांडवात आवडाबाईंनी एकेक दागिना धवल्यात घालून गायला सुरुवात केली. पाटल्या गायल्या, पाटल्या आल्या. नथ गायली, नथ आली. लुनार गायलं आणि मी खांबामागे गेलो!

"दागिने आल्याबिगर अंतरपाट धरनार न्हाय," आवडाबाई म्हणाल्या. वाजंत्री थांबली. दयारामचा चेहरा रडवेला झाला. तो बघून मला कसंसंच झालं. मी पुढे आलो आणि सगळं सांगून टाकलं.

"माज्या पोरीच्या म्होरं बसून चामखीळ बोललास?" सगुणाबाई कडाडली. "चल गं कमळ, घरात! मोडलं लगीन!"

आणि जन्मात चारचौघांत तोंड न उघडलेला माझा भाऊ उभा राहिला. मुंडावळ्या बाजूला करून त्याने मान दाखवली. "ही बगा वेरुगा! लुनार पाठीव हाय. सिकात्रिस गुडघ्याला. तिन्ही दागिने घेऊन आलूय. आता धरा अंतरपाट!" आणि तो खरंच सदरा वर करू लागला!

कमळ खुदकन हसली. मग हसू आवरेचना तिला. पोर एवढी हसते म्हटल्यावर सगुणाबाई काय करणार? तीही पदर तोंडाला लावून खाली बसली. मला तर दयारामचा असा अभिमान वाटला की डोळे पुसावे लागले.

आवडाबाईंनी घसा साफ केला. मग माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"काळूराम, तुज्या नाकाव ह्यो मुरूम आयलाय, त्याला काय म्हन्तात रं तिकडं?"

"ग्रानो," मी हळूच म्हणालो.

त्यांनी लगेच तो शब्द धवल्यात घातला! सगळ्या बायका माझ्या नाकाकडे बघत, टिपेच्या सुरात ग्रानो गात होत्या. लग्न झकास लागलं. त्या दिवसापासून गावात स्पॅनिश सगळ्यांना येते. फक्त मला काळूराम कोणी म्हणत नाही!