दोन हलके, एक लांब

गाडीच्या इंजिनात साचलेला कार्बन आपण घरीच काढायचा, असं हेडक्लार्कांनी रविवारी सकाळी दुसरा चहा पिताना ठरवलं. पहिला चहा पिताना इंजिनात कार्बन साचतो हेच त्यांना माहीत नव्हतं. मधल्या वेळात त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. (तज्ज्ञ व्हायला माणसाला हल्ली एवढाच वेळ लागतो. पाणीपुरवठा कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला तर तेवढाही लागत नाही.)

हेडक्लार्क हे त्या गाडीचे चौथे मालक. रंग चांगला, सीटकव्हर चांगली, हॉर्न तर फारच चांगला. फक्त इंजिन तेवढं रडकं. सिग्नलला उभं केलं की थरथरायचं, आणि चढावर दोनदा खोकून बंद पडायचं. हेही चालून गेलं असतं, कारण हेडक्लार्क चढ टाळून, लांबचा वळसा घालून कचेरीत जात. पण त्यांच्या बायकोची बदली नदीपलीकडच्या दवाखान्यात झाली. तिथल्या लॅबमध्ये सकाळी वेळेवर पोचायचं तर दोन बस बदला, नाहीतर गाडी शिका. तिसरा मार्ग म्हणजे नवऱ्यानं सोडायचं. पण तो वळसा घालून सोडणार, म्हणजे दुपारच जेमतेम गाठता येणार. ती गाडी शिकली. लायसन्सच्या परीक्षेत सगळं नीट झालं आणि शेवटच्या चढावर गाडी बंद पडली. बाई नापास.

घरी आल्यावर तिनं किल्ली खुंटीला अडकवली आणि पोळ्या लाटायला घेतल्या. रागावून चार शब्द बोलली असती तर हेडक्लार्कांना त्या रात्री जेवण तरी गेलं असतं. गाडी त्यांनीच पसंत केली होती, तीसुद्धा हॉर्न वाजवून बघून.

मग बायकोनं घरामागच्या चढावर रोज सराव केला आणि गाडीची खोड बरोबर ओळखली. क्लच अर्धा सोडायचा, ॲक्सिलरेटरवर पाय दोनदा हलका मारायचा आणि तिसऱ्यांदा लांब दाबून धरायचा, की गाडी निमूट चढायची. "दोन हलके, एक लांब," असं ती कपडे वाळत घालतानाही पुटपुटायची. दुसरी परीक्षा सोमवारी होती. रविवारी ड्यूटीवर निघताना तिनं दारातून बजावलं, "अहो, गाडीला हात लावू नका हं. मला आता तिची सवय झाली आहे."

हेडक्लार्कांना अगदी भरून आलं. बिचारी! असल्या गाडीशी जुळवून घेते आणि वर तक्रार नाही! सोमवारी हिच्या पायाखाली अशी गाडी द्यायची की परीक्षकानं उठून सलाम ठोकावा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"आई, मी जरा खाली गाडीपाशी आहे," त्यांनी सासूबाईंना सांगितलं.

सासूबाईंनी पेपरातून मान वर केली नाही. "पुसताय?"

"साफ करतोय."

"बाहेरून की आतून?"

"आतून."

"मग थांबा, मी खुर्ची घेऊन येते," सासूबाई म्हणाल्या आणि पेपराची घडी घातली.

व्हिडिओतली रीत सोपी होती. स्पार्क प्लग काढायचे, त्या भोकांतून कार्बन विरघळवणारं औषध ओतायचं, दोन तास मुरू द्यायचं आणि मग प्लग न लावताच स्टार्टर मारायचा, म्हणजे आतली घाण बाहेर येते. दाखवणाऱ्या माणसाचा शर्ट पांढरा होता आणि शेवटपर्यंत पांढराच राहिला. हेडक्लार्कांनी खरं तर तिथेच सावध व्हायला हवं होतं. पण तो माणूस स्टार्टर मारण्याआधी फार बोलत होता, म्हणून तेवढा भाग त्यांनी बोटानं पुढे ढकलला होता.

औषध मुरलं. हेडक्लार्क जेवून, हात पुसून स्टिअरिंगमागे बसले.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "त्या भोकांवर एखादं फडकं नको का टाकायला?"

"आई, हे इंजिन आहे, कुकर नव्हे."

"बरं," म्हणून सासूबाईंनी खुर्ची उचलली आणि खांबामागे नेऊन ठेवली.

किल्ली फिरली. चारही भोकांतून चार काळ्या पिचकाऱ्या उडाल्या, उघड्या बॉनेटवर आपटल्या आणि तिथून समोरच्या दोरीकडे वळल्या. दोरीवर वरच्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांच्या दोन पांढऱ्याशुभ्र चादरी वाळत होत्या. हेडक्लार्क काय झालं ते बघायला खाली उतरले, तोवर मास्तर जिना उतरून आले होते. हात मागे बांधून ते चादरीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"डावीकडे वजन जास्त झालंय," शेवटी ते म्हणाले. "पण हात मोकळा आहे."

"मी धुऊन देतो, मास्तर. आत्ता देतो."

"द्याच. चित्र वाईट नाही, पण झोपायचं मला आहे त्यावर."

दुपार चादरी धुण्यात, इंजिनचं ऑइल बदलण्यात आणि प्लग परत बसवण्यात गेली. गाडी सुरू केली तेव्हा मागून एवढा धूर निघाला की मास्तरांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या आणि सासूबाई खुर्चीसकट दिसेनाशा झाल्या. मग धूर विरळ होत गेला, थांबला, आणि इंजिन इतकं गप्प झालं की ते बंद पडलं असं समजून हेडक्लार्कांनी पुन्हा किल्ली फिरवली. आतून दात खाल्ल्यासारखा कर्रर्र आवाज आला. म्हणजे चालूच होतं! हेडक्लार्कांना आनंदानं नाचावंसं वाटलं, पण हात काळे होते आणि सासूबाई बघत होत्या.

संध्याकाळी बायको आली ती थेट सरावालाच निघाली. गाडीत बसून तिनं किल्ली फिरवली, कान देऊन ऐकलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय केलंत हिला?"

"कार्बन काढला," हेडक्लार्क ओठ दाबून हसत म्हणाले. "सगळा!"

"अहो, मी त्या कार्बनवर शिकले होते!"

हेडक्लार्कांना यातलं काही कळलं नाही. चढावर गेल्यावर कळलं. बायकोनं सवयीनं दोन हलके मारले. एक लांब मारायची वेळच आली नाही, कारण दुसऱ्या हलक्यालाच गाडी उसळून फुटपाथवर चढली आणि कोपऱ्यावरच्या घराची एक कुंडी फोडून थांबली.

"पूर्वीपेक्षा लवकर आलो," मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या.

बायको रागावली नाही. तिनं हात स्टिअरिंगवरून खाली घेतले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या पायाला आता काही कळतच नाही," ती म्हणाली. "उद्या नाही जमणार." हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाकानं आपल्यालाच कुंडीच्या जागी घेतलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना खरोखर वाटलं.

तिनं डोळे पुसले, गाडी मागे घेतली आणि म्हणाली, "पुन्हा."

रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत तिघं त्या चढावर होती. हेडक्लार्कांनी शेजारी बसून सारखा सल्ला दिला, "हलकं... अगं, अगदी हलकं... नुसतं पायाला वाटेल एवढंच." स्वतः स्टिअरिंगला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

सोमवारी परीक्षेच्या मैदानाच्या कुंपणापाशी हेडक्लार्क आणि सासूबाई उभे होते. गाडी वळणं घेऊन आली आणि चढावर थांबली. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले.

"उघडा," सासूबाई म्हणाल्या. "वर पोचली."

परीक्षकानं सलाम ठोकला नाही, पण हसून मान हलवली. बाई पास! हेडक्लार्कांना स्वर्ग दोन बोटं उरला. बायकोचा हात धरून त्यांनी तिला शेजारच्या सीटवर बसवलं, सासूबाईंना मागे बसवलं. "दोन दिवस फार दमलीस. आता घरी मी नेतो. तू नुसती बघत बस."

मैदानाबाहेर पडायच्या वाटेवर एक बारीकसा चढ होता. पाय दणकून दाबल्याशिवाय या गाडीला ऐकू जात नाही, हे हेडक्लार्कांच्या पायाला दोन वर्षांपासून पाठ होतं. काल शेजारी बसून दिलेला सल्ला पायापर्यंत पोचलाच नव्हता. पायानं दणकून दाबलं. गाडीनं टुणकन उडी मारली, परीक्षेसाठी लावलेले रबरी खांब आडवे केले आणि परीक्षकाच्या टेबलासमोर हिसका देऊन बंद पडली. हेडक्लार्कांची छाती हॉर्नवर आपटली होती. हॉर्न खरोखर फार चांगला होता.

परीक्षक उठला. बंपरखाली अडकलेला खांब ओढून त्यानं बाजूला ठेवला आणि खिडकीशी वाकून हेडक्लार्कांकडे नीट पाहिलं. त्यांच्या खिशात वीस वर्षांपूर्वीचं लायसन्स होतं, पण ते काढायचा हा क्षण नव्हता.

"हे कधीपासून शिकतायत?" परीक्षकानं बायकोला विचारलं.

बायकोनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"कालपासून," ती म्हणाली, आणि खाली उतरून, वळसा घालून त्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली.