रणगाड्याच्या आतला पांढरा रंग

एका सोमवारी माझी पत्नी सुलभा गेली. संध्याकाळी भेटायला आलेल्यांत शेजारचे देवस्थळी होते. ते सरळ स्वयंपाकघरात गेले, भांड्यांचं कपाट उघडून आत पाहिलं, दार लावलं आणि घरी गेले. नागपूरहून आलेल्या माझ्या मेहुणीने विचारलं, हा माणूस आहे तरी कोण? तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगतो.

देवस्थळी रणगाडे बनवतात. तळहातावर मावतील असे, प्लास्टिकचे. हा छंद असलेले लोक आमच्या भोपाळमध्ये आणखीही आहेत, पण ते रणगाडा बाहेरून रंगवतात, त्यावर चिखल आणि गंज दाखवतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. देवस्थळी तो आतून रंगवतात. चालकाची जागा, तोफेची मागची बाजू, गोळे ठेवायच्या खोबणी, बुटांनी घासून उघडा पडलेला पत्रा, सगळं. आतल्या भिंतींचा पांढरा रंग त्यांना चुन्यासारखा चालत नाही. त्यात किंचित पिवळट झाक हवी, कारण आत माणसं तासन्‌तास बसतात आणि त्यांचा घाम नि धूर भिंतींना लागतो. हे सारं महिनोन्‌महिने खपून पूर्ण झालं की ते वरचं कवच चिकटवून टाकतात. मग आतलं कोणालाच दिसत नाही. त्यांनासुद्धा.

"बाहर का तो कोई भी कर लेता है," हे त्यांचं पालुपद. साकेत नगरातल्या त्यांच्या घराच्या बाहेरच्या भिंतींचा रंग केव्हाच उडाला आहे. कॉलनीच्या समितीने विनवण्या करून पाहिल्या. आत मात्र ड्रॉवरच्या तळालाही पॉलिश आहे. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पानावर बसण्याआधी त्यांनी आमचा फ्रिज उघडून पाहिला. मी अवघडलो. सुलभाने शांतपणे विचारलं, "पास की नापास?" ते म्हणाले, "वहिनी, फर्स्ट क्लास." तिथून त्या दोघांचं जमलं.

हबीबगंजजवळच्या एका सभागृहात दर हिवाळ्यात या छंदवाल्यांचं प्रदर्शन भरतं. देवस्थळींना तिथे एकच गोष्ट हवी होती. आतल्या कामाला कोणीतरी गुण द्यावेत. ते मिळत नसत. परीक्षक म्हणत, जे दिसत नाही त्याला गुण कसे द्यायचे? आतलं दाखवायचं तर लोक गाडीची एक बाजू कापतात, तुम्हीही कापा. यावर देवस्थळी भडकत. कापलेली गाडी लढेल कशी, असं परीक्षकांनाच विचारत. मग उत्तेजनार्थ प्रमाणपत्र घेऊन घरी येत आणि पुढचे काही दिवस दुधवाल्याशीही बोलत नसत.

सुलभा जवळच्याच रुग्णालयात कान-नाक-घशाच्या ओपीडीत नर्स होती. एका वर्षी प्रदर्शनाच्या आधी देवस्थळी आमच्याकडे बसून हेच गाऱ्हाणं सांगत होते. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "भाऊजी, कानात बघायला आम्ही कान कुठे कापतो?"

देवस्थळींनी चहाचा कप खाली ठेवला. तो चहा मग कोणी प्यायलं नाही.

सुलभाकडे कानात बघायचा घरगुती कॅमेरा होता. काडीएवढा, टोकाला दिवा, मोबाइलला जोडायचा. देवस्थळींनी त्या वर्षीच्या रणगाड्याचं चालकाचं झाकण तेवढं उघडतं ठेवलं. माणूस आत जायला ते उघडतंच, त्यामुळे तत्त्वाला बाध येत नव्हता. प्रदर्शनात सुलभाने आपला मोबाइल सभागृहाच्या पडद्याला जोडून घेतला आणि काडी आत सोडली.

आधी अंधार दिसला. मग रणगाड्याच्या आतलं सगळं भिंतभर मोठं होऊन उजळलं. पिवळट पांढऱ्या भिंती, तोफेमागची काजळी, एका कडेला झिजलेलं आसन, पाण्याच्या बाटलीचा उसवलेला पट्टा. त्या वर्षीचे परीक्षक सैन्यातून निवृत्त झालेले, रणगाड्यात आयुष्य काढलेले गृहस्थ होते. ते उठून पडद्याजवळ गेले.

"सीट इसी तरफ़ से घिसती है," ते म्हणाले. "यह वही जानता है जो अंदर बैठा हो।"

पहिलं बक्षीस जाहीर झालं. टाळ्या थांबेनात. सुलभाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. तिला शिट्टी येते हे इतक्या वर्षांच्या संसारात मला ठाऊक नव्हतं. देवस्थळी मात्र बक्षीस घ्यायला जाईनात. ते पडद्याकडे बघत उभे होते.

"वहिनी, जरा डावीकडे घ्या," ते म्हणाले. "कवच लावल्यावर हे मी पहिल्यांदाच बघतोय."

त्यानंतर दर रविवारी ती त्यांच्याकडे जाऊ लागली. जुन्या गाड्यांची झाकणं ते ब्लेडने हलकेच सोडवत आणि दोघं एकेक गाडी बघत. पहिल्या रविवारी ती उभीच राहिली होती, कारण त्या घरात दुसरी खुर्ची नव्हती. पुढच्या रविवारी होती. तिच्या बैठकीला खालूनही रंग दिलेला होता.

सुलभाचं तेरावं झाल्यावर आलेल्या रविवारी देवस्थळी आमच्या दारात उभे राहिले. कॅमेरा घेऊन चला, म्हणाले. मी सांगितलं की मला जमणार नाही, माझा हात हलतो.

"हलू दे," ते म्हणाले. "चालत्या गाडीत सगळंच हलतं."

आता रविवारी कॅमेरा मी धरतो. ते सांगतात, डावीकडे, खाली, थांबा. अजून बऱ्याच गाड्या बघायच्या राहिल्या आहेत.