खांद्यावरचा हात आणि भरलेला डबा

‘जयंत देवस्थळी. पश्चिम लंडनमधला पहिला मराठी गुप्तहेर. नजर घारीची, डोकं बर्फाचं, तोंड कुलपाचं. भेट फक्त शनिवार-रविवार.’

हा मजकूर कार्डावरचा आहे. जयंतने तो स्वतः लिहिला आणि ब्रॅकनेलमधल्या ऑफिसच्या प्रिंटरवर छापला. सोमवार ते शुक्रवार तो तिथे प्रोजेक्ट मॅनेजर असतो. ‘पहिला’ या शब्दाची मी खातरजमा केली. दुसरा अजून कोणी झालेला नाही. आजवर त्याने तीन प्रकरणं सोडवली. त्यांपैकी दोन घडलीच नव्हती. मी त्याची सहायक. बायकोही आहे, पण ते पद मानद.

चौथं प्रकरण २१ ऑक्टोबर २००६ चं. शनिवार, सकाळी साडेदहा. ईलिंगहून डॉ. गिरीश पाठकांचा फोन आला : “जयंत, फिल्म गेली!”

संध्याकाळी सहाला चर्च हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाची दिवाळी होती आणि निवृत्त डॉक्टर ‘हॉलिवूडच्या सुवर्णयुगातली लफडी’ या विषयावर बोलणार होते. भाषणाचा कळस म्हणजे ती फिल्म. शेजारच्या मिसेस व्हिटकॉम, वय एक्याण्णव, तरुणपणी तिकडच्या एका स्टुडिओत कपडेपटात होत्या. १९३६ च्या स्टुडिओतल्या पार्टीच्या फिल्मची त्यांच्याकडची एकमेव प्रत त्यांनी बुधवारी डॉक्टरांना दिली होती. सत्तर वर्षांत ती कोणाला दाखवली नव्हती. “चारचौघांसमोर एकदा पाहायची आहे,” एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्या पार्टीत लोला व्हेन नावाच्या नटीच्या उघड्या खांद्यावर बाहीच्या पांढऱ्या कफातला एक हात होता. तेवढाच तुकडा वर्तमानपत्रांनी छापला. हात नवऱ्याचा नव्हता. करारात नीतिमत्तेचं कलम होतं. लोला आठवड्यात घरी बसली, आणि पुढे कोणी तिला विचारलं नाही. तिकडे बदनामी करायला पगारी माणसं ठेवावी लागत. आमच्या मंडळात ते काम स्वयंसेवक करतात.

तासाभरात आम्ही त्यांच्या घरी पोचलो. “गोल पत्र्याच्या डब्यात होती,” डॉक्टर म्हणाले. “आज डबाच नाही. त्या बाईंना काय तोंड दाखवू?”

“डबा नाही म्हणजे फिल्म नाही,” जयंत म्हणाला. हे त्याचं पहिलं अनुमान. आम्हा सगळ्यांना ते पटलं, हे नोंदवून ठेवते.

त्याने वही काढली. दिवाणखान्यात एका उंच वस्तूवर क्रोशाचं आवरण होतं. डॉक्टरांच्या बायकोच्या, म्हणजे अलकाकाकूंच्या, घरात मिक्सरपासून प्रिंटरपर्यंत सगळ्याला आवरण असतं. त्या वस्तूवर कोपर टेकून जयंतने विचार केला.

“स्टुडिओ,” तो म्हणाला.

“कुठला स्टुडिओ?”

“लोलाचा. पुरावा नष्ट केला. त्यांचे हात लांब असतात, डॉक्टर.”

“तो स्टुडिओ बंद होऊन पन्नास वर्षं झाली.”

“म्हणूनच कोणाला संशय येत नाही.”

मग तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर पांढरी पूड सांडली होती आणि तिच्यात एक स्वच्छ वर्तुळ उमटलं होतं. जयंतने टेपने मोजलं. “सात इंच. स्वाती, लिहून घे. चोराचा एक पाय लाकडी आहे.”

“तो ओट्यावर चढला होता?”

“उंची कमी असणार.” त्याने पूड चाखली. “गोड. म्हणजे परदेशी विष.”

“पिठीसाखर आहे ती,” अलकाकाकू म्हणाल्या. “परवा शंकरपाळे केले. आणि बोट घालू नकोस, सगळं परत पुसावं लागेल.”

“काकू, तुम्ही भावनेच्या भरात बोलताय.”

तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष मुरलीधर खुर्च्यांची यादी घेऊन आले. त्यांना आठवडाभर एकच काळजी होती : सहकुटुंब कार्यक्रमात परपुरुषाचा हात? जयंतने त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

“मुरलीधरकाका, बूट काढा.”

“का?”

“पाय बघायचाय.”

दोन्ही पाय खरे निघाले. मुरलीधर मोजे चढवत म्हणाले, “फिल्म हरवली ते एका अर्थी बरंच झालं. लोक काय म्हणतील!”

डॉक्टर खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मीच जाऊन सांगतो त्यांना.”

जायची वेळ आली नाही. बेल वाजली. दारात मिसेस व्हिटकॉम, अंगात कोट, एका हातात काठी, दुसऱ्या हातात सात इंची गोल पत्र्याचा डबा.

जयंत माझ्या कानात म्हणाला, “काठी! लाकडी पाय!”

“मी संध्याकाळी येणार नाही, डॉक्टर,” बाई म्हणाल्या. “तुमचा निरोप समजला. फार सभ्यपणे नाकारलंत. स्टुडिओवालेही असंच करायचे. लोलाला काढलं त्या सकाळी आधी फुलं पाठवली होती.” त्यांनी झाकण उघडलं. आत काठोकाठ शंकरपाळे. “बिस्किटं छान आहेत. फक्त माझी फिल्म परत द्या.”

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं.

“अहो, डबा ओट्यावर पडला होता मोकळा!” अलकाकाकू म्हणाल्या. “वर त्यांचं नाव. शेजारणीचा डबा रिकामा कसा परत करायचा?”

“मोकळा? मग आतली फिल्म?”

“मला काय विचारता? गुरुवारी तुम्हीच त्या मशीनशी खुडबुड करत होतात. फोन आला तसे उठलात, आणि विसरलात. मी धूळ बसू नये म्हणून झाकलं.”

सगळ्यांनी जयंतच्या कोपराकडे पाहिलं. काकूंनी कोपर बाजूला केलं आणि आवरण उचललं. खाली प्रोजेक्टर होता. त्यावर फिल्म चढवलेली होती.

“मी पहिल्यापासून त्यावर हात ठेवून होतो,” जयंत म्हणाला.

डॉक्टरांनी बाईंना चहा दिला आणि तीनदा माफी मागितली. संध्याकाळी त्या पहिल्या रांगेत बसल्या.

फिल्म दोन मिनिटांची. लोला पाठमोरी हसते. खांद्यावरचा पट्टा तुटतो. पांढऱ्या कफांचा कामाचा डगला घातलेली एक मुलगी धावत येते, तोंडात टाचण्या, एक हात लोलाच्या खांद्यावर ठेवून दुसऱ्याने पट्टा टाचते आणि निघून जाते. चार सेकंद.

फिल्म संपली. मग मुरलीधर म्हणाले, “म्हणजे… बाई होती?”

“मी होते,” मिसेस व्हिटकॉम म्हणाल्या. “तेव्हा तोंडात टाचण्या होत्या, बोलता आलं नाही. नंतर बोलले, तर कोणी छापलं नाही. स्टुडिओला लोला नकोच होती. त्यांना फक्त कारण हवं होतं.”

मी पुण्यात अकरा वर्षं दैनिकात काढली. का छापलं नसेल, ते मला विचारावं लागलं नाही.

त्यांनी ते चार सेकंद पुन्हा लावायला सांगितली. या वेळी मुरलीधरांनी स्वतः उठून दिवे मालवले.

जयंतच्या कार्डावर आता एक ओळ वाढली आहे : ‘सत्तर वर्षं जुनी प्रकरणंही स्वीकारली जातील.’

रविवारी आम्ही काकूंबरोबर फिल्म परत द्यायला गेलो. ती त्यांनी स्वच्छ कापडात गुंडाळली होती. तिचा डबा वेगळा घेतला होता, आणि तो जड होता.

मिसेस व्हिटकॉमनी तो हातात तोलला. “हा पुन्हा नकार आहे का?”

“नाही हो,” काकू म्हणाल्या, “चिवडा आहे.”