फ्लॅटपेक्षा एक कुटुंब जास्त

सपकाळेकाकांना लग्नपत्रिका द्यायला जायचं तर तयारीनं जावं लागतं. "सहकुटुंब या," म्हटलं की ते चष्मा काढतात आणि विचारतात, "कुटुंब म्हणजे कोण? एका चुलीवर जेवणारे, की एका आडनावाचे?" मागे एका शोकसभेत कोणीतरी "त्यांना सगळेच मानायचे" म्हणालं, तर मागच्या रांगेतून काकांचा आवाज आला, "सगळे म्हणजे किती जणांना विचारलंत?"

जन्मभर त्यांनी घरोघरी जाऊन पाहण्या केल्या, जमलेल्या आकड्यांचे अहवाल लिहिले. आता रिटायर आहेत, पण "अंदाजे" हा शब्द ऐकला की अजून त्यांचं तोंड कडू होतं.

माझा सगळा धंदाच अंदाजाचा. कॅम्प तीनमधल्या एका कारखान्यात जीन्सचे धागे कापत सुरुवात केली, आज स्वतःचा कारखाना आहे. समोरचा व्यापारी चहा कसा पितो त्यावरून तो किती खाली येईल ते मी सांगतो. बेलवलीतल्या आमच्याच बिल्डिंगमधल्या ह्या एका माणसानं मात्र मला कधी काही सूट दिली नाही. तो राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

बिल्डिंगला पाणी पुरत नव्हतं. मोठी लाइन हवी तर कुटुंबं किती ते लिहून द्या, असं नगरपरिषदेत सांगण्यात आलं. काकांनी काम अंगावर घेतलं. आमच्याकडे आले तेव्हा बायकोनं चहा दिला, पण त्यांची नजर गॅलरीकडे. तिथं माझ्या धाकट्या भावाची, विलासची, शेगडी होती. आई गेल्यावर आमचं वाजलं. तो माझा कारखाना सोडून दुसऱ्या शेठकडे कटिंग मास्टर म्हणून लागला आणि त्याच आठवड्यात त्याच्या बायकोनं वेगळं शिजवायला घेतलं. दार एक, आडनाव एक, कुकरच्या शिट्ट्या मात्र वेगळ्या. काकांनी तेवढं लिहून घेतलं आणि गेले.

रविवारी मीटिंगमध्ये त्यांनी निष्कर्ष वाचले. आधी नियम सांगितले: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, सहा महिने बाहेर असलेला माणूस धरायचा नाही. मग मुलं किती, म्हातारे किती, ड्रम कोणाकडे नाहीत. शेवटी म्हणाले, "फ्लॅटपेक्षा कुटुंबं एकानं जास्त आहेत." नाव घेतलं नाही. गरजही नव्हती, सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरी हळूच म्हणाला, "दिनेशभाऊ, तुमचा तर फायदाच. पाणी डबल." विलास मोबाइलमध्ये मान घालून बसला.

आईचं वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर होतं. त्या दिवशी विलासला हाताला धरून आत आणायचं आणि ती शेगडी उचलायची, असं मी मनाशी ठरवलं होतं. त्याआधी हा कागद सरकारात गेला की आमचं वेगळं होणं पक्कं झालं. विलासचा स्वभाव मला माहीत आहे, तो तेवढंच धरून बसला असता.

संध्याकाळी काकांकडे गेलो. आधी म्हटलं, आमचं एकच लिहा. नाही म्हणाले. मग म्हटलं, पंधरा दिवस थांबा आणि परत मोजा. एरवी एका आकड्यासाठी महिनाभर सगळ्यांना ताटकळत ठेवणारा माणूस, पण अहवाल उद्याच जाणार म्हणाला. आठ दिवस? नाही. चार? नाही. माझा आवाज चढला. तुम्हाला आमचं घर फुटलेलंच बघायचंय, असंही बोलून गेलो.

काकांनी एक कोरा फॉर्म पुढे केला. "माझं घर राहिलंय. स्वतःचा फॉर्म स्वतः भरायचा नसतो. आलाच आहेस तर तू विचार."

रागातच विचारलं, "जेवणारी माणसं?"

"दोन."

मी मान वर केली. काकू कधीच्या अंबरनाथला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. माझ्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागणाऱ्या माणसाबरोबर मला म्हातारपण काढायचं नाही, असं जिन्यात चार बायकांना सांगून गेल्या होत्या. मी काकांना त्यांचाच नियम ऐकवला.

"सहा महिने परवा भरतात," ते म्हणाले. "आज ती ह्या घरातली आहे. नियमानं."

मी पुन्हा मुदत मागितली नाही. आमची दोन कुटुंबं दुसऱ्या दिवशी तशीच कागदावर गेली, आणि गॅलरीतली शेगडी आजही तिथंच आहे.

फॉर्मवर सगळ्यात वरची ओळ रिकामी होती, कुटुंबप्रमुखाची. मी त्यांचं नाव लिहायला लागलो तसा काकांनी माझा हात धरला.

"तिचं लिही. मालती. माझ्या नावापुढे नुसतं पती लिही," ते म्हणाले. "आणि घाई करू नकोस. तिचं नाव नीट वाचता आलं पाहिजे."