सेहेचाळीस किलो

जीवन कॉम्प्युटरमधल्या जवानाची पिशवी भरत होता, आणि त्याचा होऊ घातलेला सासरा त्याच्या पाठीमागे उभा होता. पहिली गोष्ट जीवनला माहीत होती. दुसरी नव्हती.

खेळ असा की लढाईत उतरायच्या आधी आपल्या जवानाला काय काय द्यायचं ते आपणच ठरवायचं. बंदूक, गोळ्या, जखमेला बांधायच्या पट्ट्या, पाणी, तंबू. प्रत्येक वस्तूचं वजन बाजूला दिसतं. बाकीचे लोक दहा मिनिटांत पिशवी भरून मोकळे होतात. जीवनला दोन तास लागायचे. कारण जीवन भित्रा होता. खरं सांगायचं तर फारच भित्रा. शेतात जाताना तो दोन बॅटऱ्या घेऊन जायचा, आणि तेही भर दुपारी. तर जवानाच्या पिशवीतही 'पुरलं नाई तं?' या एका भीतीपायी सगळं जायचं.

"सुरज, थांब ना बे," तो माईकवर मित्राला सांगत होता. "चाळीस पट्ट्या टाकल्या. आता सहा हातबॉम्ब टाकतो. वजन गेलं सेहेचाळीस किलोवर. जाऊ दे. आपल्याले थोडीच उचलाचं हाय."

"अन् तो हे घेऊन पळते?"

हेडफोनची डावी बाजू बंद पडलेली होती म्हणून ऐकू तरी आलं. जीवन वळला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वर मिशा, आणि त्या दोन्हींच्या मधे एक न हसणारं तोंड. दारात काढलेल्या चपला एका रेषेत. मध्यस्थानं दाखवलेल्या फोटोत हाच माणूस होता. आदिलाबादचे सुभेदार डोमाजी, फौजेतून रिटायर. मयूरीचे बाबा.

"का… काकाजी, तुमी उद्या येनार होते ना?"

"तपासनी सांगून करत नसतात."

आईबाप कापूस वेचायला गेलेले. घरात चहा करता येईल असा दुसरा माणूस नाही. याआधी दोन ठिकाणाहून नकार आला होता. नेरडीगोंडा मंडलातल्या लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतो हे कुणी सांगत नव्हतं, 'पोरगा दिवसभर कॉम्प्युटरवर बसून राह्यते' एवढंच सांगत होते. आणि त्या दोन नकारांचं त्याला काही वाटलं नव्हतं. पण मयूरीला त्यानं एका लग्नात पाहिलं होतं. वाढपी त्याला बुंदी न वाढताच पुढे गेला, तेव्हा तिनं त्या वाढप्याला हाक मारून मागे आणलं होतं. स्वतःसाठी जीवननं ते कधीच केलं नसतं. तिसरा नकार आता त्याला सोसणार नव्हता.

डोमाजी खाटेवर बसले. "पळते का, इचारलं."

"पळते ना. थोडा दम लागते त्याले."

"थोडा." डोमाजींनी घरभर नजर फिरवली. कापूस तोलायचा लटकता काटा दारातच होता. "एक पोतं आना. गोळ्या किती हायेत?"

"तीनशे."

"पंधरा किलो ज्वारी टाका."

मग एकेक करून सगळी जुळवाजुळव झाली. पाण्याच्या जागी पाण्याचीच कॅन. तंबूच्या जागी ताडपत्री. वायरलेसच्या जागी जीवनच्या बापाचा, मारोतरावांचा, फवारणीचा पंप. हातबॉम्बला काय घ्यावं हे काही सुचेना, तेव्हा डोमाजी स्वयंपाकघरात डोकावले आणि वरवंटा घेऊन आले. रॉकेटसाठी स्प्रिंकलरचा पाईप आडवा बांधला. काट्यानं बेचाळीस दाखवलं.

"चार कमी हाय," डोमाजी म्हणाले आणि फावडं खोचलं. "उचला आता."

'तुमी' म्हणत होते, हेच जास्त भयंकर होतं. होणाऱ्या जावयाचा मान राखूनच ते त्याला मारणार होते.

"कुठपर्यंत, काकाजी?"

"हायवेपर्यंत. तुमचा जवान किती जाते?"

तीन किलोमीटर, हे जीवननं सांगितलं नाही. त्याचं स्वतःचं वजन चोपन्न किलो. बैलाच्या कासऱ्यानं ते सगळं पाठीला बांधल्यावर तो उभा राहिला, तेव्हा मागून बघणाऱ्याला फक्त दोन पाय दिसत होते.

पहिल्या पन्नास पावलांत घाम. शंभरला कानात शिट्टी. मागून चार पावलांवर डोमाजी, हातात छत्री. ओट्यावरून भागाबाईनं विचारलं, "काऊन गा जीवन, गाव सोडून चालला का?" उत्तर द्यायला हवा पाहिजे. ती नव्हती. भागाबाईनं मागचा मिशीवाला पाहिला, पुढचं गाठोडं पाहिलं, आणि लगबगीनं शेताच्या वाटेला लागली.

तिनं तिकडे काय सांगितलं कोण जाणे. पण मारुतीच्या देवळापाशी समोरून मारोतराव पळत येताना दिसले, हातात काठी. मागे जीवनची आई गयाबाई, ओटीत अर्धा वेचलेला कापूस तसाच.

"माह्या पंप हाय तो," मारोतराव ओरडले.

"अन् माह्या वरवंटा," गयाबाई म्हणाली. "आवं, घर धुऊन नेलं ना यानं. अन् ओझंही लेकराच्याच पाठीवर."

"बाबा," जीवन म्हणाला. म्हणजे त्याला म्हणायचं होतं. बाहेर फक्त फुस्स झालं. खाली बसावं तर परत उठता येणार नाही. हात हलवावा तर पाईप फिरतो. फिरलाच, आणि गयाबाईला खाली वाकावं लागलं. तेवढ्यात मारोतरावांनी डोमाजींची कॉलर धरली. ती इस्त्रीची कॉलर.

"कोन हायेस बे तू? भरदिवसा लुटून राह्यला?"

डोमाजींनी छत्री काखेत मारली आणि ताठ उभे राहिले. बापानं काठी उचललेली जीवनला दिसली, आणि तिसरा नकार आता दोन फुटांवर आला हेही दिसलं. मग त्याचे गुडघेच गेले. पोतं फाटून ज्वारी रस्त्याभर, कॅन फुटली, वरवंटा गडगडत देवळाच्या पायरीला जाऊन लागला. पाठीवरचं उतरलं तसा छातीत श्वास आला.

"बाबा, ते मयूरीचे वडील हायेत."

मारोतरावांनी काठी खाली केली. कॉलर सोडली. मग ती पुन्हा धरली आणि दोन्ही हातांनी सरळ करू लागले. "बसा ना पाव्हणे," ते म्हणाले. भर रस्त्यात.

"पहारा चांगला हाय तुमच्या घराचा," डोमाजी म्हणाले. त्यावरून काहीच कळेना. गयाबाई खाली बसून ज्वारी गोळा करू लागली.

घरी चहा झाला. मारोतराव दाराआड उभे राहिले ते पुढे आलेच नाहीत. डोमाजी कॉम्प्युटरसमोर बसले. "आता काढू एकेक. हे रॉकेट काऊन?"

"रणगाडा आला तं."

"येते का?"

"आजपर्यंत नाई आला."

"काढा. चाळीस पट्ट्या? चाळीस ठिकानी लागल्यावर पट्टी बांधाले कोन उरते? काढा सगळ्या."

एकोणीस किलोंवर जवान हलका झाला आणि सशासारखा पळाला. डोमाजी पहिल्यांदाच पुढे वाकले. चौथ्या मिनिटाला जवानाच्या पायाला गोळी लागली, आणि पट्टी नव्हती म्हणून तो झाडाखाली रक्त जाऊन मेला.

जीवनला वाटलं, संपलं.

"दोन पट्ट्या टाका," डोमाजी हळूच म्हणाले. "अन् तो कानाचा इकडे द्या."

दोन पट्ट्यांवर नऊ मिनिटं गेली. तीनवर तेरा. डोमाजींच्या खिशातला फोन वाजत राहिला. फोन उजव्या खिशात होता, आणि हेडफोनची चालू बाजूही उजव्याच कानावर. गयाबाईनं जीवनकडे पाहिलं, जीवननं मारोतरावांकडे, मारोतरावांनी भिंतीकडे. सुभेदाराच्या खिशात हात कोण घालणार.

पाच वाजता दारात ऑटो थांबला. आधी जयवंताबाई, डोमाजींच्या बायको, पदर डोळ्याला. मागे मयूरी.

"दोनले घरी येतो म्हनून गेले. एकवीस फोन केले," जयवंताबाई म्हणाल्या. "जीव गेला ना आमचा."

डोमाजींनी मागे न बघता एक हात वर केला. थांबा.

मयूरीनं बापाकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. "यायले कोनं बसवलं इथं?"

सगळं घर जीवनकडे वळलं. खोटं बोलायलाही हिंमत लागते. ती आज रस्त्यावरच सांडली होती.

"मी," जीवन म्हणाला.

मयूरी त्याच्या जवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "रिटायर झाल्यापासून आमच्याच पिशव्या तपासून राह्यले हे. कॉलेजात जातानी रोज पर्स रिकामी करून दाखवा लागते मले. आई बाजारातून आली का झोला तोलते. दोन वर्सांत आज पयल्यांदा घर शांत होतं." जरा थांबली. "किती दिवस चालते हा खेळ?"

"तसा संपत नाई," जीवन अपराध्यासारखा म्हणाला.

"मंग माह्याकडून हो हाय."

डोमाजींनी मान न वळवता विचारलं, "जीवन, पाचवी पट्टी घेऊ का?"

मयूरीनं बापाच्या खिशातला फोन अलगद काढला, बंद केला आणि खाटेवर ठेवला. "चाल आई," ती म्हणाली, "बाबाले राहू दे आज."

ऑटो धूळ उडवत वळला. जीवन दुखरी पाठ सांभाळत सुभेदारांच्या शेजारी स्टूल ओढून बसला, आणि पट्ट्या मोजू लागला.